एका टायगरच्या किमतीत किती टी-३४?

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांचा विषय निघाला की एक हिशेब हमखास मांडला जातो. जर्मनीने टायगर हा महागडा रणगाडा बनवला, तोही जेमतेम साडेतेराशे. सोव्हिएत रशियाने टी-३४ हा स्वस्त रणगाडा पन्नास हजारांवर काढला. अमेरिकेचे शर्मनही ४९ हजारांच्या पुढे गेले. मग किमतींचा तक्ता येतो: टायगर २,५०,८०० राइशमार्क, टी-३४ १,३५,००० रूबल, शर्मन मॉडेलनुसार ४५ ते ६४ हजार डॉलर. पुढे कुणीतरी चलनांचा भागाकार करतं आणि ‘एका टायगरच्या पैशांत इतके टी-३४’ असं उत्तर काढून मोकळं होतं.

तक्त्यातले आकडे बरोबर आहेत, भागाकार चुकीचा आहे. तो का चुकतो हे नीट पाहिलं, तर युद्धकाळात कारखाने नेमके कसे चालले होते ते कळतं.

टायगरचाच आकडा घ्या. २,५०,८०० राइशमार्क ही किंमत तोफ, मशीनगन आणि रेडिओ वगळून आहे. ते सगळं बसवून लढाईला तयार झालेला टायगर जवळपास तीन लाखांना पडायचा. टी-३४ची १,३५,००० रूबल ही किंमत १९४३ची. त्याच रणगाड्याला १९४१ मध्ये २,६९,५०० रूबल लागत होते. म्हणजे ऐन युद्धात, दोन वर्षांत, तोच रणगाडा निम्म्या किमतीत बनू लागला. मग टी-३४ची खरी किंमत कोणती? दोन्ही खऱ्याच. शस्त्राची किंमत त्याच्या आराखड्यात लिहिलेली नसते. कोणत्या कारखान्याने, कोणत्या वर्षी, आधी किती नग काढून झाल्यावर तो नग बनवला, यावर ती ठरते. तक्त्यात संख्या एका रकान्यात आणि किंमत दुसऱ्या रकान्यात असते. प्रत्यक्षात पहिला रकानाच दुसऱ्याला खाली ओढत असतो.

हात बसण्याचा हिशेब

याची दोन कारणं आहेत. पहिलं सोपं आहे. रणगाडा किंवा विमान बनवण्याआधी आराखडे, साचे, जिग (भाग ठरलेल्या जागी धरून ठेवणारे सांगाडे), खास यंत्रं, इमारती यांवर मोठा खर्च होऊन बसतो. समजा तो एक कोटी झाला. शंभरच नग काढले तर प्रत्येकाच्या डोक्यावर त्यातला एक लाख बसतो. दहा हजार काढले तर फक्त एक हजार.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या कर्टिस-राइट कंपनीत थिओडोर राइट नावाचे अभियंते होते. विमानांच्या उत्पादनखर्चाच्या नोंदी तपासताना त्यांना एक नियमितपणा दिसला आणि १९३६ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. आतापर्यंत बनवलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली, की दर विमानामागे लागणारी मजुरी साधारण वीस टक्क्यांनी घटते. शंभर विमानांपर्यंत दर विमानाला सरासरी १०० तास लागत असतील, तर दोनशेपर्यंत पोचताना ती सरासरी ८० वर येते, चारशेला ६४, आठशेला ५१ च्या आसपास.

कामगारांचा हात बसतो हे त्यामागचं एक कारण, पण एकटं तेवढंच नाही. कोणता भाग आधी लावला तर दुसऱ्याच्या आड येत नाही हे मुकादमाला कळतं. कोणता नट काढून टाकला तरी चालतं हे अभियंत्याला कळतं. कच्चा माल वेळेवर पोचू लागतो, वाया जाणारं पोलाद कमी होतं, जिथे चौघं लागत होते तिथे एका यंत्रावर भागतं. शिकतो तो अख्खा कारखाना.

यातली खोच ‘दुप्पट’ या शब्दात आहे. शंभरावरून दोनशेवर जायला शंभर नग पुरतात. दहा हजारांच्या पुढची तीच वीस टक्क्यांची घट मिळवायची तर आणखी दहा हजार काढावे लागतात. सुरुवातीला किंमत धाडकन कोसळते, मग उतार मंदावतो. जो देश एकच मॉडेल धरून लाखोंच्या दिशेने जातो त्याला हा उतार पूर्ण मिळतो. जो दर सहा महिन्यांनी मॉडेल बदलतो तो पुन्हा पुन्हा वर जाऊन उभा राहतो.

अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने ठेवलेल्या सरासरी किमती या उताराचा चांगला पुरावा आहेत. बी-१७ बॉम्बर १९४१ पर्यंत ३ लाख १ हजार डॉलरला पडत होता, १९४४ मध्ये २ लाख ४ हजारांना. बी-२४ लिबरेटर ३ लाख ७९ हजारांवरून २ लाख १५ हजारांवर आला. सगळ्यात अवघड बी-२९, १९४२ मध्ये ८ लाख ९४ हजार होता, तो १९४५ मध्ये ५ लाख ९ हजारांवर उतरला. पी-५१ मस्टँग हे लढाऊ विमान मात्र १९४२ ते १९४५ या काळात ५८,७०० वरून फक्त ५१ हजारांपर्यंत घसरलेला दिसतो. नियम तिथे फसला असं नाही. १९४२चा मस्टँग ॲलिसन इंजिनाचा होता आणि १९४५चा मर्लिन इंजिनाचा, जास्त इंधन व जास्त शस्त्रं वाहणारा. नाव तेच राहिलं, आतली वस्तू बदलली होती. युद्धकाळातल्या किमतींची तुलना करताना हा खड्डा वारंवार लागतो.

दर ६३ मिनिटांनी एक बॉम्बर

बी-२४ ची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण मोठ्या संख्येने उत्पादन म्हणजे काय आणि ते किती अवघड जातं, हे तिच्यात एकत्र दिसतं.

हे विमान मुळात कॉन्सॉलिडेटेड कंपनीचं, कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोचं. जानेवारी १९४१ मध्ये फोर्ड मोटर कंपनीचे उत्पादनप्रमुख चार्ल्स सोरेन्सन तो कारखाना पाहायला गेले. शेवटची जोडणी उघड्यावर, पोलादी सांगाड्यांवर चालली होती. उन्हाने सांगाडे प्रसरण पावायचे, रात्री आकसायचे, त्यामुळे कोणतीही दोन विमानं तंतोतंत सारखी निघत नव्हती. भाग घासून, ठोकून, जुळवून बसवावे लागायचे. सोरेन्सननी त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत बसून विमानाचे मोठे तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा वेगळा तयार करून शेवटी जोडायचा असा कारखान्याचा नकाशा काढला आणि तासाला एक बॉम्बर असं उद्दिष्ट लिहिलं. मिशिगनमधला विलो रन कारखाना त्या नकाशातून उभा राहिला.

मोटारीत आणि बॉम्बरमध्ये किती अंतर आहे हे फोर्डला पुढे कळलं. एका बी-२४ मध्ये रिव्हेटच तीन लाखांहून जास्त. विमान उद्योगात पत्रे दाबायला मऊ धातूचे डाय, म्हणजे आकार देणारे साचे, वापरण्याची पद्धत होती, कारण ते झटपट बदलता येतात. फोर्डने मोटारींच्या सवयीने कठीण पोलादी डाय बनवले. असा डाय लाखो वेळा अचूक दाब देतो, पण तो बनवायला वेळ आणि पैसा लागतो, आणि विमानाच्या रचनेत छोटासा बदल झाला की तो भंगारात जातो. आघाडीवरून तर रोज बदल येत होते: इथे चिलखत वाढवा, तिथे मशीनगनचा घुमट बसवा, इंधनाच्या टाक्या बदला. त्यात कारखाना डेट्रॉइटपासून लांब, जवळ राहायला घरं नाहीत, कामगार यायचे आणि काही आठवड्यांत सोडून जायचे. १९४२ सरलं तेव्हा विलो रनमधून साठसुद्धा विमानं निघाली नव्हती. वर्तमानपत्रांनी कारखान्याच्या नावावर कोटी करून ‘विल इट रन?’, म्हणजे ‘हे चालणार आहे का?’, असं विचारायला सुरुवात केली होती.

यातून काढलेला मार्ग साधा, पण मनाला पटवून घ्यायला जड होता. ठरावीक संख्येच्या एका तुकडीपुरता आराखडा गोठवायचा. मधे कितीही चांगली सूचना आली तरी चालू ओळीला हात लावायचा नाही. विमान तयार झालं की ते वेगळ्या सुधारणा केंद्रात पाठवायचं आणि नवे बदल तिथे करायचे. म्हणजे किंचित जुनं विमान जाणीवपूर्वक बनवायचं. लढणाऱ्या माणसाला हे ऐकवणं सोपं नाही. तरी हा निर्णय घेतल्यावर ओळ धावू लागली. १९४४ मध्ये एका महिन्यात ४२८ बॉम्बर निघाले, म्हणजे कामाच्या वेळेत दर ६३ मिनिटांना एक. युद्ध संपेपर्यंत एकट्या विलो रनने ८,६८५ बी-२४ दिले.

अचूकतेबद्दलही इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कारागिराने हाताने बनवलेली वस्तू जास्त अचूक आणि कारखान्यातली ढोबळ, असं आपण गृहीत धरतो. मर्लिन इंजिन ब्रिटनमध्ये फोर्डकडून बनवून घ्यायचं ठरलं, तेव्हा फोर्डच्या अभियंत्यांनी रोल्स-रॉइसचे आराखडे पाहून ‘यावरून इंजिन बनवता येणार नाही’ असं सांगितलं. रोल्स-रॉइसचे स्टॅन्ली हूकर यांना वाटलं, आपली अचूकता यांना झेपत नसावी. निघालं उलटंच. आराखड्यांतली टॉलरन्स, म्हणजे मापात चालून जाणारा फरक, फोर्डला फार सैल वाटत होता. रोल्स-रॉइसकडे निष्णात फिटर होते, ते प्रत्येक भाग घासून दुसऱ्याशी जुळवून घ्यायचे. फोर्डला कोणताही भाग कोणत्याही इंजिनात न घासता बसायला हवा होता, म्हणून जास्त काटेकोर मापं लागत होती. आराखडे नव्याने काढण्यात बराच काळ गेला. त्यानंतर मँचेस्टरजवळच्या त्या कारखान्यातून तीस हजारांवर मर्लिन बाहेर पडली. स्वीडिश बोफोर्सच्या ४० मिलिमीटर विमानवेधी तोफेचं असंच झालं. मूळ आराखड्यांत कितीतरी ठिकाणी ‘जोडताना कानस मारून बसवा’ अशी टीप होती. क्रायस्लरने ती पद्धत मोडून काढली आणि सुमारे साठ हजार तोफा बनवल्या. कुशल हातांचा तुटवडा असलेल्या युद्धात कौशल्य माणसाच्या बोटांतून काढून यंत्रात आणि मापात भरावं लागतं. तेवढं जमलं की घरकाम करणारी बाई किंवा शाळा सोडलेला मुलगाही काही आठवड्यांत तोफ जोडू लागतो.

निम्म्या किमतीचा टी-३४

सोव्हिएत बाजूला ही गोष्ट फार वेगळ्या परिस्थितीत घडली. टी-३४ बनवणारा मुख्य कारखाना खारकीव्हमध्ये होता. १९४१च्या शरद ऋतूत जर्मन फौजा जवळ आल्या, तसा तो रेल्वेच्या डब्यांत भरून उरल पर्वतापलीकडे निझ्नी तागीलला हलवला गेला. चेल्याबिन्स्कमध्ये तर इतके कारखाने एकत्र आले की त्या शहराला लोक ‘तांकोग्राद’, म्हणजे रणगाड्यांचं शहर, म्हणू लागले.

तिथे प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारला गेला: याच्याशिवाय चालेल का? टी-३४च्या तोफेतले भाग ८६१ वरून ६१४ वर आणले. रबराचा तुटवडा होता, म्हणून काही काळ पोलादी कडांची चाकं बसवली. बुरूज ओतीव केले. चिलखती पत्र्यांच्या वेल्डिंगसाठी कीव्हहून आलेल्या येवगेनी पातोन यांच्या संस्थेने स्वयंचलित पद्धत बसवली. हाताने सांधे जोडायला वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो, या यंत्रावर किशोरवयीन मुलं तो सांधा झरझर पूर्ण करू लागली. एका टी-३४ मागे आधी ८,००० कामगार-तास लागायचे, ते १९४३ पर्यंत ३,७०० वर आले.

स्वस्ताईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण टी-३४च्या कौतुकात ती झाकली जाते. १९४२ मध्ये एक टी-३४ तपासणीसाठी अमेरिकेत ॲबरडीनच्या लष्करी चाचणी-केंद्रात पाठवला होता. हवा गाळणारा फिल्टर इतका निकृष्ट होता की धूळ आत जाऊन सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर इंजिन निकामी झालं. गिअरबॉक्स जड, आत बसायला जागा अपुरी. सोव्हिएत अधिकाऱ्यांना यातलं बरंचसं माहीत होतं. टी-३४ची जागा घ्यायला नवे आराखडेही तयार होते. पण नवं मॉडेल म्हणजे काही महिने ओळ थंडावणार, आणि १९४२ मध्ये ते महिने त्यांच्याकडे नव्हते. म्हणून जुनाच रणगाडा थोडा थोडा दुरुस्त होत राहिला, आणि मोठी तोफ हवी झाली तेव्हा त्याच धडावर मोठा बुरूज आणि ८५ मिलिमीटरची तोफ चढवली गेली.

किंमत कमी ठेवण्यामागे आणखी एक कठोर गणित होतं. युद्धभर सोव्हिएत सैन्याने सुमारे ४५ हजार मध्यम रणगाडे कायमचे गमावले, त्यातले बहुतेक टी-३४. जो रणगाडा काही आठवड्यांत जळणार हे धरून चाललेलं आहे, त्याचं इंजिन वर्षानुवर्षं टिकावं म्हणून कोण खर्च करील? कारखान्याच्या नजरेने हा तर्क चोख आहे. पण प्रत्येक टी-३४ मध्ये चार किंवा पाच माणसं बसलेली असायची, आणि दर नगाच्या किमतीत त्यांचा समावेश कुठेही होत नाही.

जर्मनीला हे कळत नव्हतं का?

कळत होतं, निदान काहींना. टायगर कासेलच्या हेन्शेल कारखान्यात बनायचा. तिथे नऊ टप्प्यांची ओळ होती, म्हणजे तो काही लोहाराच्या भात्यावर घडवला जात नव्हता. तरीही सर्वांत जास्त उत्पादन एप्रिल १९४४ मध्ये झालं, ते १०४. एवढ्या संख्येत राइट यांच्या उताराचा जेमतेम वरचा भाग वाट्याला येतो.

पण जर्मन किमतींचा तक्ता नीट पाहिला तर ‘महागडे जर्मन रणगाडे’ ही समजूतही अर्धवट ठरते. शस्त्रं वगळून पँझर ४ ची किंमत सुमारे १ लाख ३ हजार राइशमार्क, आणि त्याहून कितीतरी जड, जाड चिलखताच्या पँथरची १ लाख १७ हजार. फरक फक्त १३ टक्क्यांचा. पँथर उत्पादनाचा विचार करून आखलेला होता, आणि त्याचे सुमारे सहा हजार नग निघालेही. स्टुग ३ हे बिनबुरुजाचं तोफवाहन तर ८२,५०० राइशमार्कला पडायचं. ते दहा हजारांच्या आसपास बनलं आणि माझ्या मते पैशाच्या हिशेबाने जर्मनीचं सर्वांत शहाणं शस्त्र तेच होतं.

पँथरचा लपलेला खर्च कारखान्याच्या फाटकाबाहेर होता. त्याचा शेवटचा गिअर, जो चाकांना फिरवतो, इतका दुबळा होता की युद्धानंतर पँथर वापरणाऱ्या फ्रेंचांनी त्याचं सरासरी आयुष्य १५० किलोमीटर नोंदवलं. त्यात जर्मन कारखान्यांवर पूर्ण रणगाड्यांचा आकडा वाढवण्याचा दबाव असे, म्हणून सुटे भाग कमी पडायचे. महिनाअखेरच्या अहवालात गिअरचे पन्नास संच कुणाला दिसत नाहीत, पाच रणगाडे मात्र दिसतात. अमेरिकेने नेमकं उलट केलं. शर्मनला अटलांटिक ओलांडून जायचं होतं आणि दुरुस्तीला परत डेट्रॉइटला आणता येणार नव्हतं, म्हणून सुट्या भागांचे ढीग सोबत जायचे. दर नगाची किंमत पाहताना ‘महिन्यातले किती दिवस चालू अवस्थेत’ हा आकडा शेजारी ठेवला, तर क्रमवारी बदलते.

टायगरऐवजी पँझर ४ दुप्पट बनवायला हवे होते, असा सल्लाही आता सर्रास दिला जातो. दुप्पट रणगाड्यांना दुप्पट माणसं लागतात, चालवायला शिकवायला दुप्पट इंधन लागतं, आणि जर्मनीकडे दोन्हींची टंचाई होती. १९४४ मध्ये जर्मन कारखान्यांनी सुमारे ४० हजार विमानं काढली, तोवरचा त्यांचा उच्चांक. त्याच वर्षी मे महिन्यापासून कृत्रिम इंधनाच्या प्रकल्पांवर बॉम्ब पडू लागले आणि नवी विमानं पेट्रोल व शिकलेले वैमानिक नसल्याने जमिनीवर उभी राहिली. संख्या वाढवून जिंकता येतं, पण ती संख्या चालवायची ऐपत असेल तरच.

निव्वळ उधळपट्टीचं उदाहरण हवं असेल तर टायगर सोडा आणि क्रुपची ८० सेंटिमीटरची ‘गुस्ताव’ तोफ पाहा. वजन १,३५० टन, किंमत सुमारे ७० लाख राइशमार्क. १९४२ मध्ये सेवास्तोपोलच्या वेढ्यात तिने ४८ गोळे डागले. तोफेची किंमत या गोळ्यांवर वाटली, तर एकेका गोळ्यावर जवळपास दीड लाख राइशमार्क बसतात. पँथर त्याहून स्वस्त होता.

पैशाचा आकडा काय लपवतो

आता त्या भागाकाराकडे येऊ. राइशमार्कचा अधिकृत दर डॉलरला अडीच होता, पण त्या दराने खुली देवघेव होत नव्हती. रूबलची तर परदेशी बाजारात किंमतच नव्हती. सोव्हिएत व्यवस्थेत रणगाड्याचा भाव सरकार ठरवायचं, आणि त्यात जाणाऱ्या पोलादाचा, कोळशाचा, विजेचाही. त्यामुळे १,३५,००० रूबल हा आकडा १९४१च्या रूबलशी ताडून पाहायला उपयोगी आहे, डॉलरशी नाही.

एकाच देशातही किंमत कशी ठरवली यावर बरंच अवलंबून असतं. जर्मनीत आधी ‘झालेला खर्च अधिक ठरावीक टक्के नफा’ अशी पद्धत होती. खर्च वाढला की नफाही वाढणार, मग बचत कोण करणार? १९४२च्या सुरुवातीपासून ठरावीक किंमत देण्याकडे कल वळला. कारखान्याने त्याहून स्वस्तात काम उरकलं तर फरक त्याचा. अमेरिकेत खर्चावर टक्केवारीऐवजी ठरावीक मोबदला देणारी कंत्राटं होती, आणि १९४२च्या कायद्याने सरकारला जास्तीचा नफा नंतर परत मागता येत होता. म्हणून १९४३ मधली कंत्राटाची किंमत आणि अखेरीस खरोखर दिलेली किंमत यांतही अंतर पडू शकतं.

शिवाय दर नगाची किंमत सहसा तयार वस्तूपुरती असते. १९४५चा बी-२९ पाच लाख डॉलरचा, पण ३,९७० विमानांचा तो संपूर्ण कार्यक्रम, संशोधन आणि कारखान्यांसकट, सुमारे तीन अब्ज डॉलरला गेला. अणुबॉम्बच्या प्रकल्पाला लागलेल्या सुमारे दोन अब्जांपेक्षा जास्त. म्हणून देशादेशांची तुलना करायची तर कामगार-तास, पोलादाचे टन आणि यंत्रांचे तास हे मोजमाप पैशांपेक्षा भरवशाचं. तास मात्र कुणाचे, हेही विचारावं लागतं.

कारण काही किमती कमी दिसतात त्या कामगाराला माणूस न मानल्यामुळे. व्ही-२ हे क्षेपणास्त्र नॉर्डहाउझेनजवळ डोंगरातल्या बोगद्यांत बनायचं. काम करणारे मिटलबाउ-डोरा छळछावणीचे कैदी. छळछावणीतल्या कैद्यासाठी कंपन्या एसएसला, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी संघटनेला, दिवसाला चार ते सहा राइशमार्क देत असत. कैद्याच्या हाती त्यातलं काहीच पडत नसे. त्या छावणीतून आणि तिच्या उपछावण्यांतून सुमारे साठ हजार माणसं गेली, आणि त्यांतली वीस हजारांच्या आसपास मेली: उपासमारीने, रोगाने, मारहाणीने, फाशीने. सगळेच व्ही-२ वर कामाला नव्हते, तरी व्ही-२ पडून जितके लोक मेले त्यापेक्षा जास्त तो बनवताना मेले असं इतिहासकार मानतात. राइशमार्कमधली व्ही-२ ची किंमत उत्पादन वाढेल तशी उतरत गेली. तो उतार राइट यांच्या वक्रासोबत एकाच आलेखावर काढलेला कुठे दिसला, तर त्यात काय मोजलेलं नाही हे आधी पाहावं.

युद्ध संपल्यावर या सगळ्या आकड्यांचं काय झालं त्याचीही नोंद आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये हजारो विमानांच्या मागण्या रद्द झाल्या, आणि जी उडत होती ती अमेरिकेच्या वाळवंटी विमानतळांवर आणून उभी केली गेली. ॲरिझोनातल्या किंगमनला अशी साडेपाच हजारांच्या आसपास विमानं जमली. त्यांत बी-१७ आणि बी-२४ शेकड्यांनी होते. १९४६ मध्ये एका कंत्राटदाराने तो साठा सुमारे २७ लाख ८० हजार डॉलरला घेतला, म्हणजे विमानामागे पाचशे डॉलरच्या आसपास. त्याने इंजिनं आणि उपयोगी भाग काढून घेतले, उरलेले सांगाडे भट्टीत वितळवले आणि ॲल्युमिनियमच्या विटा करून विकल्या.